तेल खाणारे जिवाणू : मोजायचे कसे आणि आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा?



दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये ‘सूक्ष्मजीवशास्त्राची ओळख’ हा पाठ आहे. त्यात स्युडोमोनास आणि अल्कॅनिव्होरॅक्स बॉर्क्युमेन्सिस या जिवाणूंची नावं येतात. सांडलेलं तेल साफ करायला त्यांचा उपयोग होतो, एवढं सांगून पाठ पुढे सरकतो. मी प्राथमिकला शिकवते, पण मोठ्या भावंडांची पुस्तकं चाळणारी मुलं प्रश्न आणतातच. त्यातला नेहमीचा प्रश्न : “बाई, जमिनीवर तेल सांडलं तर जिवाणू टाकले की झालं का?”

आपल्या भागात हा प्रश्न नुसता पुस्तकातला नाही. उमरठहून पोलादपूरला उतरलं की मुंबई-गोवा महामार्ग लागतो. त्यावरून टँकर कशेडी घाटाकडे जातात. महाडला एमआयडीसी आहे, रस्त्याच्या कडेला गॅरेजं आहेत, शेतात डिझेलचे पंप आहेत. महामार्गाला लागून ज्यांची खाचरं आहेत त्यांच्यासाठी तेल मुरलेल्या जमिनीत पुन्हा भात लावायचा की नाही, हा पोटाचा प्रश्न आहे. अशा वेळी कुणी येऊन म्हणालं, “जिवाणू टाकलेत, आता जमीन साफ आहे,” तर ते खरं की नुसतं बोलणं, हे कसं ओळखायचं? त्यासाठी मोजावं लागतं. काय मोजायचं, कसं मोजायचं आणि आकडा कुठे फसवतो, ते आज समजून घेऊया.

जमिनीत तेल गेलं की काय होतं?

डिझेल, ऑइल, कच्चं तेल ही सगळी कार्बन आणि हायड्रोजन यांच्या साखळ्यांची मिश्रणं आहेत. त्यांना हायड्रोकार्बन म्हणतात. सांडल्यावर हलका भाग उडून जातो, थोडा पाण्याबरोबर वाहतो आणि उरलेला मातीच्या कणांना चिकटून बसतो. माती तेलकट झाली की पाणी नीट मुरत नाही आणि मुळांना हवा मिळत नाही.

पण मातीत काही जिवाणू असे असतात की ज्यांना ही साखळी म्हणजे खाद्य वाटतं. ते ऑक्सिजन वापरून तेलाचे तुकडे करतात. शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं आणि काही कार्बनपासून नवे जिवाणू बनतात. हे काम करायला त्यांना तेलाशिवाय ओलावा, हवा, नत्र आणि स्फुरद लागतं. हवेची गरज तर फार मोठी आहे. एक किलो तेल पूर्ण पचवायचं तर हिशेबाने सुमारे साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो. म्हणून पाणी भरून ठेवलेल्या भातखाचरात तेल हळू पचतं. पाण्याखाली हवा पोचत नाही. तीच माती बाहेर काढून पसरली, अधूनमधून उलथली, की काम वेग घेतं. उकिरडा खालीवर केला की खत लवकर कुजतं, तसंच हे.

विरजण घालायचं की नुसतं खत द्यायचं?

जिवाणूंकडून सफाई करून घ्यायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे विरजण घालणं. दुधात विरजणाचे जिवाणू घातले की दही लागतं, तसे तेल खाणारे जिवाणू बाहेर वाढवून मातीत मिसळायचे. दुसरा म्हणजे मातीत आधीच असलेल्या जिवाणूंना युरिया, फॉस्फेट यांसारखं खत, ओलावा आणि हवा देऊन कामाला लावायचं.

कोणता मार्ग घ्यायचा हे मोजल्याशिवाय ठरत नाही. २४ मार्च १९८९ रोजी अलास्कात ‘एक्झॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज खडकावर आदळलं आणि सुमारे चार कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं. तिथल्या किनाऱ्यावर तेल खाणारे जिवाणू मुळातच होते. कमतरता होती ती नत्र आणि स्फुरदाची. म्हणून तिथे खत वापरलं गेलं. जिथे असे जिवाणू मातीत फारच कमी असतात, तिथे विरजणाचा विचार होतो.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यानेही तेल पाहिलंय. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. शेकडो टन इंधन तेल समुद्रात सांडलं आणि त्याचे तवंग मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला आणि खारफुटीला लागले. खारफुटीच्या चिखलात फावडं-घमेलं चालवून तेल काढणं अवघड. अशाच ठिकाणी जिवाणूंच्या उपायाची आठवण होते.

आपल्या देशात या कामासाठी टेरी या संस्थेने जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ‘ऑइलझॅपर’ नावाचं मिश्रण तयार केलं. त्यात तेलाचे वेगवेगळे भाग खाणारे जिवाणू एकत्र केलेले असतात आणि ते मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाच्या भुकटीत मिसळून पिशवीत भरतात. पुढे ओएनजीसी आणि टेरी यांनी मिळून या कामासाठी वेगळी कंपनीही काढली.

पायलीतले तांदूळ कसे मोजाल?

आता मुद्द्याचा भाग. एका ग्रॅम मातीत, म्हणजे चिमूटभर मातीत, कोट्यवधी जिवाणू असू शकतात. ते मोजायचे कसे?

मुलांना विचारा, “पायलीभर तांदळात दाणे किती?” कुणीही एकेक दाणा मोजणार नाही. चिमूटभर घेऊ, ते मोजू आणि पटीने वाढवू. जिवाणूंचंही तेच करतात, फक्त चिमूट लहान लहान करत जातात.

१. तेल पडलेल्या जागेतून एकच खड्डा करून माती घेत नाहीत. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि ठरलेल्या खोलीवरून नमुने घेतात. तेल सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं.

२. एक ग्रॅम माती नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात ढवळतात. आता मिश्रण साधारण दहापट पातळ झालं.

३. त्यातलं एक मिलिलिटर पुन्हा नऊ मिलिलिटर पाण्यात. शंभरपट. असं करत पाचव्या पायरीला एक लाखपट पातळ होतं.

४. या पाण्याचा दशांश मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन थेंब, अगारच्या थरावर पसरतात. अगार म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणारा जेलीसारखा पदार्थ. बशी झाकून उबदार जागी ठेवतात.

५. काही दिवसांनी बशीत ठिपके दिसतात. एक जिवाणू वाढून त्याची वसाहत झाली की तो ठिपका डोळ्यांना दिसतो. ३० ते ३०० ठिपके असलेली बशी मोजायला घेतात. त्याहून कमी असतील तर योगायोगाचा भाग जास्त. त्याहून जास्त असतील तर ठिपके एकमेकांत मिसळतात.

समजा पाचव्या पायरीच्या बशीत ६४ ठिपके मिळाले. दशांश मिलिलिटर घेतलं होतं म्हणून गुणिले १०, आणि लाखपट पातळ केलं होतं म्हणून गुणिले १,००,०००. उत्तर ६,४०,००,०००. म्हणजे एका ग्रॅम मातीत ६ कोटी ४० लाख. सहावी-सातवीच्या मुलांना घातांक शिकवताना यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

अजून एक गोष्ट. पावसाळ्यातली माती आणि मे महिन्यातली माती एकाच वजनाची घेतली, तरी पहिलीत पाणीच जास्त असतं. म्हणून नमुन्याचा एक भाग वाळवून ओलावा काढतात आणि आकडा कोरड्या मातीच्या हिशेबाने देतात. नाहीतर जूनचा आकडा मेच्या आकड्याशी जुळवताच येणार नाही.

सगळे नकोत, तेल खाणारेच हवेत

वरचे ६ कोटी ४० लाख हे सर्व प्रकारचे जिवाणू झाले. त्यात शेण कुजवणारे आले, पाला कुजवणारे आले. आपल्याला हवेत तेल खाणारे. त्यांना वेगळं काढायची युक्ती साधी आहे : पानात एकच पदार्थ वाढायचा. बशीत किंवा नळीत क्षार, नत्र, स्फुरद सगळं ठेवतात, पण कार्बनचं अन्न म्हणून फक्त तेल. ज्याला तेल पचतं तोच वाढेल.

यातही एक फसवणूक आहे. अगारमध्ये थोडी अशुद्धी असते. तिच्यावर जगणारे जिवाणूही छोटे ठिपके करतात. म्हणून तेल न घातलेली एक बशी शेजारी ठेवावी लागते. दोन्ही बश्यांत सारखेच ठिपके आले तर तेल खाणारे मोजले, असं म्हणता येत नाही.

ही अडचण टाळायला बऱ्याचदा बशीऐवजी नळ्या वापरतात. दर पायरीच्या पाच-पाच नळ्या घ्यायच्या, प्रत्येकीत थोडं तेल घालायचं आणि कुठपर्यंत तेलाचा थर फुटतो किंवा पाणी गढूळ होतं ते पाहायचं. दहा हजारपट पातळ केलेल्या पाचही नळ्यांत वाढ झाली, लाखपटच्या दोनच नळ्यांत झाली आणि दहा लाखपटच्या एकाही नळीत झाली नाही, तर त्यावरून तक्ता पाहून संख्येचा अंदाज काढतात. हा अंदाजच असतो, नेमका आकडा नाही. पण महिन्या-महिन्याची तुलना करायला तो पुरतो.

बशीत न उगवणाऱ्यांचं काय?

मातीतल्या जिवाणूंपैकी फार थोडे, बऱ्याचदा शंभरात एक किंवा त्याहूनही कमी, प्रयोगशाळेच्या बशीत वाढतात. बाकीच्यांना आपलं अन्न, आपलं तापमान किंवा एकटं राहणं मानवत नाही. म्हणजे बशीचा आकडा हा हजेरीपटावर सही करणाऱ्यांचा आकडा आहे. वर्गात न बोलता बसलेले त्यात येत नाहीत.

म्हणून आता मातीतून थेट डीएनए काढतात. कोरोनाच्या काळात आरटी-पीसीआर चाचणी आपण सर्वांनी ऐकली, अनेकांनी करून घेतली. त्याच कुळातली पद्धत इथे वापरतात. शोध विषाणूचा नसतो, तर तेलाची साखळी तोडणारं विकर बनवणाऱ्या जनुकाचा असतो. अशा एका जनुकाचं नाव अल्क-बी. एका ग्रॅम मातीत त्याच्या किती प्रती आहेत ते मोजलं की तेल फोडायची ताकद किती आहे, याचा अंदाज येतो. पण डीएनए मेलेल्या जिवाणूंचाही मोजला जातो आणि जनुक असलं म्हणजे ते काम करतंयच असंही नाही. म्हणून कुठलीही एक पद्धत पुरेशी नसते. मातीतून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तेही मोजतात. जिवाणू जेवतायत की नुसते बसलेत, ते त्यावरून कळतं.

आपल्या देशातला एक प्रयोग

टेरीच्या बनवारी लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातल्या एका तेलशुद्धीकरण कारखान्याच्या जागेवर केलेला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेलाच्या गाळाने खराब झालेली ती जमीन होती. त्यांनी आधी जिवाणू मोजले. तेल खाणारे निघाले ग्रॅमला फक्त एक हजार ते दहा हजार. ही संख्या फार कमी म्हणून विरजणाचा मार्ग तपासायचं ठरलं. मग छोट्या प्रमाणात सहा उपाय करून पाहिले. जिवाणू आणि खत एकत्र दिल्यावर १२० दिवसांत सगळ्यात जास्त तेल कमी झालं. मग तोच उपाय मोठ्या जागेवर केला.

तीन पट्टे होते. दोन पट्ट्यांना जिवाणू आणि खत दिलं. तिसरा तुलनेसाठी तसाच ठेवला. वर्षभरात पहिल्या पट्ट्यातलं ९२ टक्के आणि दुसऱ्यातलं ८९.७ टक्के तेल गेलं. तिसऱ्या पट्ट्यात काही न करताही १४ टक्के गेलं!

मुलांना इथे थांबवून विचारा : तिसरा पट्टा ठेवलाच नसता तर काय झालं असतं? ते १४ टक्केही आपण जिवाणूंच्या खात्यात टाकले असते. उपचार न केलेला तुकडा शेजारी ठेवणं म्हणजे जागा वाया घालवणं नाही. त्याच्याशिवाय बाकीच्या आकड्यांना अर्थच नाही.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. दुसऱ्या पट्ट्यात साध्या साखळीचा भाग ९५.१ टक्के गेला, पण डांबरासारखा जड भाग ६३.५ टक्केच. जिवाणूही सोपा घास आधी खातात. म्हणून ‘एकूण तेल इतकं कमी झालं’ यावर न थांबता ‘उरलेल्यात काय आहे?’ हेही विचारायचं.

संख्या वाढली म्हणजे जमीन साफ झाली का?

नाही. इथेच बहुतेक जण चुकतात. जिवाणूंचा आकडा आणि तेलाचा आकडा शेजारी-शेजारी ठेवून वाचायचा असतो.

• जिवाणू वाढले, तेल कमी होतंय : काम चालू आहे.
• जिवाणू वाढले, तेल तेवढंच आहे : ते दुसरंच काही खातायत. कदाचित तुम्ही घातलेलं शेणखतच!
• जिवाणू कमी झाले, तेलही अगदी थोडं उरलं : अन्न संपलं, पंगत उठली. हे चांगलं लक्षण आहे.
• जिवाणू कमी झाले, तेल मात्र भरपूर : काहीतरी अडलंय. हवा, ओलावा, खत यांपैकी काही कमी पडलं, किंवा मातीत त्यांना मारक असं काही आहे, किंवा बाहेरून आणलेले जिवाणू इथे रुजलेच नाहीत.

शेवटच्या शक्यतेसाठी एकदाच मोजून भागत नाही. पिशवीतून ओतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी मोजलं तर आकडा मोठाच येणार. आपणच तर टाकलेत ते! महिन्याने, तीन महिन्यांनी ते टिकले का, हे पाहायचं.

आपला पाऊस आकड्याला फसवतो

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मेमध्ये तेल मोजलं आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजलं तर ते कमी भरणारच. पण ते जिवाणूंनी खाल्लं, की ओढ्यातून सावित्रीत गेलं? शेत साफ आणि नदी खराब, याला सफाई कसं म्हणायचं?

यावर शास्त्रज्ञांकडे छान युक्ती आहे. कच्च्या तेलात होपेन नावाचा रेणू असतो. जिवाणूंना तो सहज पचत नाही. म्हणून तेलाचं होपेनशी प्रमाण पाहतात. समजा सुरुवातीला तेल १०० भाग आणि होपेन १ भाग होतं. पावसाने अर्धं धुऊन नेलं तर तेल ५० आणि होपेन अर्धा भाग उरेल. प्रमाण तेच राहिलं, म्हणजे जिवाणूंनी काहीच खाल्लं नाही. पण तेल ४० आणि होपेन १ असं आलं, तर ६० भाग खरोखर पचले. अलास्कातल्या सफाईत हीच मोजपट्टी वापरली होती. गंमत म्हणजे हे होपेन कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या आवरणातल्या रेणूंपासूनच तयार झालेलं असतं.

डिझेलमध्ये होपेन जवळजवळ नसतं. तिथे सरळ साखळीचे रेणू आणि फांद्या फुटलेले रेणू यांची तुलना करतात. सरळ साखळ्या आधी खाल्ल्या जातात, फांद्यावाल्या मागे राहतात. पाऊस मात्र असा निवडून नेत नाही.

वर्गात काय घेता येईल?

१. दाण्यांची मोजणी : गटाला एक किलो तांदूळ द्या. दहा ग्रॅममधले दाणे मोजून किलोचा अंदाज काढू द्या. दर गटाचं उत्तर वेगळं येईल. का आलं, यावर चर्चा घ्या आणि सरासरी काढा.

२. दहापट पातळ : एक चमचा निळी शाई, नऊ चमचे पाणी. त्यातलं एक चमचा पुन्हा नऊ चमच्यांत. रंग कुठल्या ग्लासात दिसेनासा होतो? तिथे शाई संपली का, की नुसती दिसत नाही?

३. दोन कुंड्या : दोन्हींत माती आणि सारखाच सुका पाला. एक ओली ठेवून आठवड्याला उलथायची, दुसरीला हात लावायचा नाही. दोन महिन्यांनी उरलेला पाला वाळवून वजन करा. दुसरी कुंडी हाच आपला तिसरा पट्टा.

एक सूचना. शाळेत किंवा घरी जिवाणू बशीत वाढवू नका आणि मुलांना तेल-डिझेलची माती हाताळायला देऊ नका. बशीत काय वाढेल यावर आपलं नियंत्रण नसतं. वरचे तीन उपक्रम तेवढीच समज देतात.

पालकांनी लक्षात ठेवायचे पाच प्रश्न

कुठेही तेल सांडलं आणि सफाई झाली असं सांगितलं गेलं, तर ग्रामसभेत हे प्रश्न विचारता येतात :

१. काम सुरू करण्याआधी तेल किती होतं आणि तेल खाणारे जिवाणू किती होते?
२. नमुने किती ठिकाणांहून आणि किती खोलीवरून घेतले?
३. उपचार न केलेला तुकडा तुलनेला ठेवला होता का?
४. किती महिन्यांनी पुन्हा मोजलं आणि दोन्ही आकडे काय आले?
५. तेल पचलं की वाहून गेलं, हे कसं ठरवलं?

हे विचारायला कुठलीही पदवी लागत नाही. पाचांची उत्तरं आकड्यांत मिळाली तर जिवाणूंनी काम केलं असं मानायला हरकत नाही. “पावडर टाकली आहे,” एवढंच उत्तर आलं, तर त्या खाचरात भात लावण्याआधी माती तपासून मागा.

तुमच्या वर्गात दाण्यांची मोजणी घेतलीत तर कोणत्या गटाचा अंदाज किती आला ते जरूर कळवा.